परकीची खुर्ची

संस्थेतल्या दारावरच्या पाटीवर तिचं भलंमोठं नाव होतं, मागेपुढे पदव्या लावलेलं. घरात मात्र ती ठमी. तान्ह्या मुलांच्या मनावर तिने लेख लिहिले, परिषदांमध्ये जाऊन भल्याभल्यांची बोलती बंद केली, तरी आई भाजीवाल्यासमोरसुद्धा 'ठमे' अशी हाक मारायची आणि मॅडम निमूट ओ द्यायच्या. बाबा जाऊन काही वर्षं झाली होती. घरात या दोघीच. एक बोलून दमत नसे आणि दुसरी ऐकून.

ठमीचा विषय एका वाक्यात मावणारा होता, म्हणून तर त्यावर इतकी भांडणं. बाळ कोणाला आपलं म्हणतं, आणि का? या प्रश्नावर जगभरच्या विद्वानांनी एकमेकांच्या झिंज्या उपटल्या होत्या. ठमी त्या सगळ्या सिद्धांतांना एका रांगेत उभं करून त्यांची झडती घेत होती. जेवताना आईला कळावं म्हणून तिने प्रत्येकाचं बारसंही करून टाकलं होतं. जो भरवतो त्याला बाळ चिकटतं म्हणणारे ते पोटवाले. दूध कोणी का पाजेना, ऊब देणारी कूस लागते म्हणणारे कुशीवाले. बाळाने हाक मारली की जो ओ देतो तो बाळाचा, असं मानणारे हाकवाले. आणि शेवटी खुर्चीवाले.

खुर्चीवाले म्हणजे खरं तर एकच माणूस, संस्था काढणारे थोरले सर. त्यांचं म्हणणं असं, की बाळाच्या मनात एकच खुर्ची असते. पहिल्या वर्षात तिच्यावर जो बसला तो बसला. नंतर येतील त्यांनी उभं राहायचं, मग ते कितीही जीव लावोत. सर आता हयात नव्हते, पण त्यांचा दरारा हयात होता. ठमीने पोटवाल्यांना पहिल्याच फटक्यात उडवलं. घास न भरवणाऱ्या बापाला बघून पोर उड्या का मारतं, एवढंच तिने विचारलं होतं. कुशीवाल्यांचं थोडं मानलं, हाकवाल्यांचं बरंचसं मानलं. पण सरांच्या पुढे ती नांगी टाकत होती, कारण सरांच्या टेपा झाडून सगळ्या सरांच्याच बाजूने बोलत होत्या.

या टेपा म्हणजे काय ते सांगायला हवं. संस्थेत एक खोली होती, अजून आहे. जमिनीवर गालिचा, गालिच्यावर खेळणी, दोन खुर्च्या आणि एका भिंतीला मोठा आरसा. आतून आरसा, पलीकडून काच. काचेमागे सर आणि त्यांचा कॅमेरा. आई बाळाला घेऊन आत यायची आणि एका खुर्चीत बसायची. मग दुसऱ्या खुर्चीसाठी बाळाने कधी न पाहिलेली एक बाई यायची. आई हळूच बाहेर जायची, बाळ त्या बाईपाशी राहायचं, आणि थोड्या वेळाने आई परत यायची. सगळा खेळ त्या परत येण्याचा. आई गेल्यावर रडणं तर कोणीही रडेल. ती परत आल्यावर बाळ काय करतं त्यावरून नातं कळतं, हे ठमी विद्यार्थ्यांना फळ्यावर ठोकून ठोकून सांगायची.

त्या अनोळखी बाईला संस्थेत 'परकी' म्हणत. ड्रायव्हर म्हणावं, शिपाई म्हणावं, तसं परकी. आणि गंमत अशी, की सरांच्या काळात ही परकी म्हणजे ठमीची आई होती.

ही घरातली जुनी थट्टा होती. बाबा चहा मागताना 'परकीबाई, जरा बघा आमच्याकडे' म्हणायचे. ठमीला लहानपणापासून माहीत होतं की आई संस्थेत नोकरीला होती. 'तू आलीस आणि मी नोकरी सोडली,' असं आई सांगायची. आता जुन्या टेपा कॉम्प्युटरवर चढवायचं काम निघालं, तेव्हा ठमीला रोज तरुण आई दिसायला लागली. दोन वेण्या घातलेली, पाय खुर्चीखाली दुमडून बसलेली, रडणाऱ्या पोरांकडे बघून स्वतःच रडवेली होणारी. ठमी सगळ्यांना बोलावून दाखवायची, ही बघा आमची परकी. घरी येऊन आईला चिडवायची, की तुला बघून एकही पोर हसलं नाही, काय तुझा अवतार. आई म्हणायची, पगारच त्याचा होता.

एके दिवशी दुपारी जेवताना ठमीने आपला निकाल जाहीर केला. शहरातल्या शिशुगृहाने तिचं मत मागवलं होतं. वर्षाच्या पुढची मुलं दत्तक द्यावीत, की ज्या दायांनी त्यांना वाढवलं त्यांच्यापाशीच ठेवावीत? ठमी म्हणाली की सरांचा पुरावा पक्का आहे, ती तसंच लिहिणार. वर्ष उलटल्यावर मूल नव्या घरात रमतं, खातंपितं, पण ते रमणंच. आई भात वाढत होती. तिचा हात मध्येच थांबला.

"मग नंतर आलेल्या बाईचं काय?" आईने विचारलं.

"ती सांभाळते," ठमी म्हणाली. "सवय होते दोघांना एकमेकांची. पण त्याला नातं नाही म्हणता येणार."

आईने भात वाढला. मग पाण्याचा घोट घेऊन, टेपा सगळ्या बघणार का असं विचारलं. ठमी म्हणाली, सगळ्या. आई म्हणाली, बाद केलेल्यासुद्धा?

आता बघा, बोलली नसती तर काही झालं नसतं. बाद केलेल्या टेपा आहेत हे ठमीला ठाऊकच नव्हतं. तिने कान टवकारले. कुठल्या बाद केलेल्या? आईने लगेच विषय ताटातल्या मिठाकडे नेला, पण तोवर उशीर झाला होता. सरांच्या सगळ्या टेपा सरांच्याच बाजूने कशा बोलतात, याचं उत्तर कदाचित तिथेच असणार, हे ठमीच्या डोक्यात चमकलं. ती घाईने हात धुऊन निघाली. आई दारापर्यंत आली आणि तिथेच उभी राहिली. ठमीला वाटलं, जेवण अर्धं टाकलं म्हणून रागावली असेल.

टेपा सापडल्या जिन्याखालच्या कपाटात, झाडू आणि मोडक्या पंख्यांच्या मागे. ठमीची सहकारी, जिला सगळे जोडीदारीण म्हणत, ती हातभर धूळ उडवत त्या घेऊन आली. या दोघी टेपा नेहमी जोडीनेच बघत. दोघींनी आपापलं मत द्यायचं, मग ताडून बघायचं, म्हणजे एकीच्या मनाचे खेळ टेपेवर लादले जाऊ नयेत. प्रत्येक डबीवर सरांच्या अक्षरात बाद होण्याचं कारण होतं. मूल झोपलं. मूल आजारी. वीज गेली. एक मूल आईला सोडून थेट परकीच्या मांडीवर जाऊन बसलं होतं, त्याच्यावर 'अपवाद' असं लिहून सरांनी त्याची वासलात लावली होती. जोडीदारीण म्हणाली, अस्सं. ठमीच्याही कपाळाला आठी पडली. एवढ्या मोठ्या माणसाने न पटणारी मुलं जिन्याखाली कोंबावीत, याचा तिला धक्काच बसला. पण हा धक्का म्हणजे काहीच नव्हे.

तळाशी एक डबी होती. तिच्यावर लिहिलं होतं, 'आई परतली नाही.'

दोघींनाही त्याचा अर्थ लागेना. त्यांनी टेप लावली.

खोली तीच. काळंपांढरं चित्र, वर थोडी खरखर. एक मुलगी आत आली; बाई म्हणावं एवढं वय नव्हतं तिचं. कडेवर बाळ. इतर आया आल्या आल्या पर्स खुर्चीला अडकवायच्या, हिने खांद्यावरून काढलीच नाही. बाळाला गालिच्यावर ठेवलं. बाळ वर्षाच्या थोडं पुढचं असेल; ठमीला नुसतं बघून महिना सांगता यायचा. मग परकी आली, दोन वेण्यांची. ठमी नेहमीप्रमाणे हसली. आमची आई आली, म्हणाली.

ती मुलगी उठली. दाराशी गेली, परत वळली, वाकून बाळाचा एक मोजा नीट वर ओढला. मग गेली. दार बंद झालं. बाळ दाराकडे बघत राहिलं. रडलं नाही. त्याने फक्त आपला डावा कान मुठीत धरला आणि धरूनच ठेवला.

"अगं, हे तर तुझंच ध्यान," जोडीदारीण हसत म्हणाली. "अगदी तश्शीच कान धरून बसतेस तू."

ठमीने पाहिलं तर तिचा हात खरंच कानाशी होता. ती पण हसली. हात खाली घेतला. आणि मग बाळ परकीकडे वळलं, आणि त्याच्या फ्रॉकचा खिसा दिसला.

खिसा बदकाच्या आकाराचा होता. बदकाला डोळा म्हणून शर्टाचं बटण शिवलेलं, आणि ते चोचीच्या इतकं जवळ की बदक तिरळं दिसत होतं.

 ते तिरळं बदक ठमीच्या घरी होतं. आईच्या कपाटात, वरच्या कप्प्यात, मऊ पंच्यात गुंडाळलेलं. लहानपणी ते बघायचा हट्ट ती दर सुट्टीत करायची. आई उलगडून दाखवायची आणि दर वेळी तेच वाक्य म्हणायची, की तुला घरी आणलं तेव्हा हाच फ्रॉक होता अंगात. कोणी शिवला विचारलं की म्हणायची, शिवला होता कुणीतरी हौसेनं.

तुला घरी आणलं तेव्हा. म्हणजे दवाखान्यातून, दुसरं कुठून आणणार? तो फ्रॉक ठमीने शंभरदा हातात घेतला असेल. नुसत्या मोज्यावरून पोराचं वय ओळखणारी ही बाई, आणि नव्याने जन्मलेलं मूल त्या फ्रॉकात पार हरवून जाईल, एवढं तिला आजवर दिसलं नव्हतं. आपल्या घरातल्या कपाटापाशी गेलं की माणसाची अक्कल उंबऱ्याबाहेर राहते ती अशी.

टेप चालूच होती. खूप वेळ झाला. परकीने दाराकडे पाहिलं. मग थेट आरशात पाहिलं, जे तिला सक्त मना होतं. बाळाच्या ओठांची थरथर दिसायला लागली, तशी ती खुर्चीवरून उतरून गालिच्यावर बसली. तेसुद्धा मना होतं. ती बाळाला म्हणाली, "येईल हं. येईल. आपण बसू."

 हे वाक्य ठमीच्या हाडामांसात होतं. शाळेची बस चुकली तेव्हा, दहावीचा निकाल लागायचा होता तेव्हा, बाबांना ऑपरेशनला नेलं आणि दोघी बाहेरच्या बाकड्यावर होत्या तेव्हा, आई हेच म्हणाली होती. येईल हं. आपण बसू.

मग दार उघडलं. सरांची बाही दिसली. ते कोणाला तरी सांगत होते की फाटकाबाहेर गेली, रिक्षा करून गेली. नंतर आत बघून त्यांनी फर्मावलं, उठा तुम्ही आता, टेप फुकट गेली. परकी उठली नाही. आजवर सरांसमोर जिने मान वर केली नसेल, ती गालिच्यावर बसूनच म्हणाली, "आई येईपर्यंत बाळापाशी बसायचं, असं तुम्हीच सांगितलंय."

चित्र गेलं. पडद्यावर नुसत्या मुंग्या.

जोडीदारीण केव्हाची हसायची थांबली होती. तिने ठमीकडे पाहिलं, कानाकडे पाहिलं, आणि पाणी आणते म्हणून बाहेर गेली.  ठमीच्या डोक्यात एकच गोष्ट गरगरत होती, आणि ती आईचं बोलणं. इतर आया म्हणतात, 'तू झालीस तेव्हा'. तिची आई उभ्या जन्मात तसं कधी म्हणाली नव्हती. ती नेहमी म्हणायची, 'तू आलीस तेव्हा'. तू आलीस तेव्हा थंडी होती. तू आलीस तेव्हा बाबांनी नवा पंखा घेतला. तू आलीस आणि मी नोकरी सोडली. एकदाही खोटं बोलली नव्हती, आणि इतकी वर्षं ताकास तूर लागू दिली नव्हती.

घरी ती कशी पोचली तिला सांगता आलं नसतं. दुपार कलली होती. आई खिडकीपाशी खुर्चीत बसून ठमीच्या पायजम्यात नाडी ओवत होती. नाडीच्या टोकाला सेफ्टी पिन लावलेली, आणि ती पिन कापडाच्या आतून बोटांनी पुढे पुढे सरकवणं चाललं होतं. तिने वर पाहिलं आणि तिला कळलं. ठमीलाही कळलं की हिला कळलंय. 

रस्ताभर ठमीने काय काय जुळवलं होतं. का सांगितलं नाहीस, कोणी दिला अधिकार, सगळ्या जगाला नात्यांवर भाषणं देणारी मी, माझंच हसं करून घेतलंस. त्यातलं एक वाक्य तोंडातून निघेल तर शपथ.

"ती परत आली होती का कधी?" तिने विचारलं.

"नाही," आई म्हणाली.

मग आई बोलायला लागली. मान खाली, पिन सरकवत. त्या मुलीचा पोलिसांनी शोध घेतला, नाव-पत्ता सगळं खोटं निघालं. बाळ शिशुगृहात गेलं. सर म्हणाले विषय संपला, पण हिला झोप लागेना. ती रोज काम सुटलं की शिशुगृहात जायची. बाबा पण यायला लागले. ठमीला वाटलं, आता ती म्हणणार की पहिल्याच दिवशी तू माझ्या गळ्यात पडलीस. पण आईने तसं काही सांगितलं नाही. बाळ हिला बघून तोंड फिरवायचं. हिच्या हातून खायचं, पण हिच्याकडे बघायचं नाही. त्याने हिला ओळखलं होतं. ही तीच, जी आली आणि आई गेली.

"मी आत आले की तू माझ्याकडे नाही, माझ्या मागे बघायचीस," आई म्हणाली. "दाराकडे. माझ्या मागून कोणी येतंय का ते. कित्येक महिने."

ठमीने कान धरला आणि सोडून दिला.

आई म्हणाली की सर तेव्हा चांगल्या मनानेच सांगत होते, नाद सोडा, ती खुर्ची भरलेली आहे, तुम्ही जन्मभर परक्याच राहाल. हिने ते खरं मानलं. म्हटलं, राहीन परकी. उभी राहीन. पण मग एके दिवशी शिशुगृहातून निघताना हिने चपला घातल्या आणि मागे बाळाने भोकाड पसरलं. हिला वाटलं पडलं की काय. दाई म्हणाली, पडलं नाही, तुम्ही निघालात म्हणून रडतंय. तोवर हिच्या पाठीमागे कोणी रडलं नव्हतं. ती एका पायात चप्पल घालून फाटकाशी उभी राहिली आणि वेड्यासारखी हसत रडली. त्यानंतर कागदपत्रं झाली आणि फ्रॉकासकट बाळ घरी आलं.

"आणि मला का नाही सांगितलंस?" अखेर ठमीने विचारलं.

आई म्हणाली, सांगणार होते. दहा वर्षांची झालीस की, मग बारावी झाली की. मग तू नेमका तोच विषय घेतलास. तीच संस्था. तेच सर तुझ्या तोंडी.

"आज जेवताना म्हणालीस, सांभाळते, नातं नाही म्हणता येणार. मला वाटलं, तुला कळलंय आणि तू मला सांगतेयस."

 ठमी काहीतरी बोलणार होती, पण त्या क्षणी तिच्या आत राग, लाज आणि भीती यांची इतकी गर्दी झाली की तिला श्वास घ्यायला जागा उरली नाही. समोरची बाई तिची आई होती आणि नव्हती. गालिच्यावर मोजा वर ओढून गेलेली ती पोरगी तिची कोणी नव्हती आणि होती. ठमी वळली आणि दार उघडून बाहेर पडली. आई उठली नाही, हाक मारली नाही. ते तर ठमीला जास्तच लागलं.

कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानापुढे पायऱ्या होत्या, तिथे ती बसली. रस्त्यावर नेहमीसारखी ये-जा होती. एक बाई पोराला कडेवर घेऊन दुकानात शिरली, पोराने ठमीकडे पाहून जीभ काढली. ठमीला हसू नाही आलं. हा हसरा, हा बिनधास्त, याची खुर्ची भक्कम, असं तिचं मन आपोआप टिपून गेलं, आणि तिला स्वतःची शिसारी आली. सगळी पोरं तिला कळत होती. कान धरून बसलेलं ते एक पोर मात्र तिला कळत नव्हतं. ते कोणाची वाट बघत होतं? आणि केव्हा थांबलं?

फोन वाजला. जोडीदारीण होती. उगाच घसा खाकरून म्हणाली की शिशुगृहाकडून विचारणा झालीय, तुझं मत तयार आहे, पाठवू का? ठमी म्हणाली, नको, थांबव. जोडीदारीण बरं म्हणाली. मग अडखळत विचारलं, नोंदीत त्या टेपेपुढे काय लिहू, बाद लिहू का?  ठमीला एकदम आठवलं, की आपण दार उघडं टाकून आलो आहोत.

आणि मग तिला उमगलं, आई का उठली नाही ते. आई येईपर्यंत बसायचं. तिला तेवढंच सांगितलं होतं. हिने हाक मारली नसेल, मागे आली नसेल, कारण कोणी खोलीतून निघून गेलं की हिला एकच गोष्ट येते. ठमी उठली आणि झपाझप चालायला लागली, मग भर रस्त्यात पदव्यांसकट पळायलाच लागली. आजवर तिने किती आयांचं परत येणं पाहिलं असेल, काचेमागे बसून, चहा पीत पीत. आज परत येणारी ती स्वतः होती.

आई तिथेच होती. खिडकीपाशी, तीच खुर्ची, मांडीवर पायजमा, पिन अजून मध्येच अडकलेली. तिने मान वर केली. तिने ठमीकडे पाहिलं, आणि मग तिची नजर ठमीच्या खांद्यावरून मागे गेली. दाराकडे. ठमीच्या मागून कोणी येतंय का ते बघायला.



"कोणी नाही," ठमी म्हणाली. "मी एकटीच आहे."

"मला वाटलं, तू तिला शोधायला गेलीस," आई म्हणाली. "मला अजून वाटतं, ती येईल. बेल वाजली की तीच असेल असं धरून दार उघडते. आली तर तुला द्यावं लागेल. मला सांगितलं होतं ना, आई येईपर्यंतच."

एवढी वर्षं. दूधवाला, पोस्टमन, शेजारीण, वाढदिवसाला जमलेली पोरं. प्रत्येक बेलला ही बाई दार उघडत होती ती या धास्तीने. आणि ठमीला वाटायचं, आपली आई जरा भित्री आहे.

ठमीने दार लावून घेतलं. समोर दुसरी खुर्ची होती, ती तिने घेतली नाही. ती आईच्या पायांशी जमिनीवर बसली, पायजमा आपल्याकडे ओढला आणि कापडातून चाचपत अडकलेली पिन शोधायला लागली. पिन काही हाती लागेना. आईचा हात तिच्या डोक्यावर यावा की नाही अशा बेतात मध्येच थांबलेला तिला दिसला.

"येऊ दे आली तर," ठमी म्हणाली. "आपण बसू."